तायडेकाकांची लाइन

तायडेकाका कुणाच्याही घरी नेट लावायला आले ना, की सगळ्यात आधी घरातल्या माणसांना गप्प करतात. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर गॅसवरून खाली, आणि "एक शब्द नको!" असं एवढ्या जोरात ओरडतात की बाजूच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात. सगळं सामसूम झालं की त्या डब्ब्यावर, म्हणजे राउटरवर, हाताचा पंजा ठेवतात आणि डोळे मिटून उभे राहतात. दोन मिनिटं, कधी तीन. घरातले श्वास रोखून बघत असतात.

आणि गंमत अशी की काकांना ऐकू येत नाही. अजिबात नाही. तीस वर्षं मिलमध्ये साचा चालवला त्यांनी, साचा म्हणजे कापड विणायचं मशीन, अशी दोनशे मशीनं एका छपराखाली, त्या आवाजात कान गेले. मग ही शांतता कुणासाठी, असं विचारलं तर बोलतात, "माझ्यासाठी नाही. त्या डब्ब्यासाठी. एवढ्या गोंगाटात तो बिचारा काम कसं करेल?"

आमची गल्ली म्हणजे मिलच्या मागच्या खोल्यांच्या लाइनी. मिल बंद होऊन चार वर्षं झाली, पण माणसं अजून तशीच बोलतात, मतलब ओरडून. विणाई खात्यातले जेवढे जुने लोक आहेत, सगळ्यांचे कान थोडेफार गेलेलेच. बायका नवऱ्याला हाक मारत नाहीत, सरळ जाऊन खांदा हलवतात. मी खंडव्याहून लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस न्हाणीत जाऊन रडायची, की हे सगळे मला रागावतात कायको? मग कळलं, साखर मागत होते.

मिल गेली तसे लोक पांगले. कुणी अन्नपूर्णाच्या भागात बिल्डिंगीत चौकीदार झालं, कुणी सियागंजच्या बाजारात पोती उचलायला लागलं. तायडेकाका केबलच्या ठेकेदाराकडे रस्ता खोदायला गेले. तेव्हा सगळ्या शहरात खोदकाम चाललं होतं, एक कंपनी बुजवून गेली की दुसरी येऊन उकरायची. तिथे एक दिवस काकांनी कापलेली केबल हातात घेतली, आत बघितलं, आणि फावडं टाकून मटकन खालीच बसले. आत काचेचे धागे, केसासारखे. एक तुकडा घेऊन आले आणि गल्लीत दारोदार दाखवत फिरले. "सूतच आहे रे हे! काचेचं काढलंय, बस. अपन उगीच समजत होतो की सुताचं काम संपलं!"

त्या दिवसापासून ते लाइनमन लोकांच्या मागे मागे राहायला लागले. लाइनमन आपसात खुशाल कामाच्या गोष्टी बोलायचे, की म्हाताऱ्याला काय ऐकू जातंय. काका समोर उभे राहून सगळं त्यांच्या ओठांवरून उचलायचे. साच्यावरची माणसं तशीच बोलतात ना. एवढ्या आवाजात तोंडाने बोलून काय फायदा? ओठ हलवायचे आणि हात हलवायचे. दहा साचे सोडून उभ्या असलेल्या माणसाशी ती गप्पा मारायची, त्याही दिवसभर. काकांनी तसंच अख्खं नेटचं काम शिकून घेतलं. एक दिवस लाइनमन बघतात तर म्हातारा त्यांच्या आधी जाऊन लाइन चालू करून आलेला.

ओठ वाचणाऱ्या माणसाचं मिशीवाल्यांशी जमत नाही. एक वकीलसाहेब होते, त्यांची मिशी अशी भरगच्च की खालचा ओठ पण झाकलेला. काकांनी विचारलं, काय खराबी आहे? साहेब बोलले. काकांनी पुन्हा विचारलं. साहेब पुन्हा बोलले, जरा चिडून. तिसऱ्या वेळी काकांनी खिशातून साच्यावरचा चपटा हूक काढला, ज्याने धागे ओवायचे असतात तो, आणि साहेबांची मिशी पडदा उचलावा तशी वर उचलून धरली. "हां. आता बोला." साहेबांच्या मिसेस एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की काकांना सेव-परमल खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. साहेबांनी मात्र पुढच्या वेळी खराबी कागदावर लिहून ठेवली.

राउटरवर चार बत्त्या असतात, तुम्ही बघितल्या असतील. काकांनी त्यांना नावं दिली आहेत. पहिली चौकीदार, दुसरी टाइमकीपर, तिसरी जॉबर म्हणजे मुकादम, चौथी मालक. काका डब्ब्यासमोर उकिडवे बसून हजेरी घेतात. "चौकीदार उभा आहे. टाइमकीपर आला. जॉबर धावतोय. मालक झोपलाय!" मतलब करंट आहे, टेलिफोनची लाइन आहे, वायफाय पण आहे, पण नेट येत नाही. लोक हसतात. काका नाही हसत. "हसू नका. आपली मिल अशीच बंद पडली."

तारेला तार जोडली की त्या जोडावरून दहादा बोट फिरवतात. बोटाला लागली तर उपटून पुन्हा. "गाठ लागली की माल सेकंड." मिलमध्ये बिनदोष कापड ते फ्रेश आणि दोष असलेलं ते सेकंड. काकांच्या डोक्यात शहरातली सगळी घरं अशीच दोन प्रकारची आहेत. बंगला असेल मोठा, पण नेट अटकत चालत असेल तर काका येऊन सांगणार, "घर सेकंड आहे."

मे महिन्यात तर काका डब्ब्याशेजारी दोरी बांधून ओला पंचा टांगतात. लाइनमन डोक्याला हात लावतो, "काकाजी, मरवाओगे क्या? करंट लग जाएगा!" काका बोलतात, सूत कोरडं पडलं की तुटतं. विणाई खात्यात हवा ओली ठेवायचे म्हणे, धागा तुटू नये म्हणून. आता नेटमध्ये कुठलं सूत, मला नाही समजत. पण आमच्या पत्र्याखाली डब्बा तापून बंद पडायचा आणि पंचा टांगला की चालायचा, हे मी माझ्या डोळ्याने बघितलंय.

आणि पासवर्ड. मिलमध्ये प्रत्येकाला बिल्ला असायचा, पितळी, त्यावर नंबर. गल्लीतला प्रत्येक पासवर्ड म्हणजे त्या घरातल्या माणसाचा बिल्ला नंबर. लोक सांगतात, काका, हा तर कुणीपण ओळखेल, चोर घुसेल की. "घुसू दे. चोर पण आपल्याच मिलचा असेल." शेवंतामावशीचा नवरा मिल बंद झाली त्याच वर्षी गेला. तिचे नातू रोज शाळेतून येऊन त्याचा नंबर टाइप करतात. मावशी मला एकदा बोलली, "चार वर्षांनी पण त्यांची हजेरी लागते बघ." बोलली आणि पदर डोळ्याला लावला. काकांना सांगितलं तर ते दुसरीकडेच बघायला लागले. "नंबर रिकामा ठेवू नये," इतकंच.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय काका पूर्ण नाही होत, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

माझा नवरा राजू त्याच मिलमध्ये बदली होता, मतलब कुणी रजेवर गेलं तर याला काम. काकांच्याच हाताखाली साचा शिकला. मिल गेल्यावर तीन वर्षं जे मिळेल ते केलं आणि मग मॉरिशसला कापडाच्या कारखान्यात काम मिळालं, तिथे पण साच्यावरच. गेला तेव्हा मला सहावा महिना होता. मिनूला त्याने बघितलेलंच नाही, मी दोन फोटो पाठवले तेवढेच. यंदा एप्रिलमध्ये तिकडून सुटीवर आलेल्या एका माणसाच्या हाती त्याने जुना लॅपटॉप आणि वायफायचा डब्बा पाठवला. फोनवर एवढा खुश, एवढा खुश. "रेखा, तायडेकाकांना बोलाव आणि नेट लाव. दर रविवारी तुमच्या बारा वाजता मी कॅमेऱ्यासमोर बसणार. मी मिनूला हाक मारीन, ती माझ्याकडे वळून बघेल. बस, मला दुसरं काही नको."

मी हो हो बोलली आणि फोन ठेवला.

मिनू हाकेला वळत नव्हती.

मला दिवाळीत कळलं होतं. दारासमोर कुणीतरी सुतळी बम लावला, सासूच्या हातातला चहा सांडला, मी किंचाळली, आणि पाच महिन्यांची मिनू माझ्या मांडीवर अंगठा चोखत होती. पापणी पण नाही हलली. त्यानंतर मी काय काय केलं! तिच्या पाठीमागे ताट पाडायची, तांब्या पाडायचा, कुकरची शिट्टी होईपर्यंत तिला घेऊन तिथेच उभी राहायची. सासू बोलायची, "हाताला लकवा भरलाय का गं तुझ्या? एक भांडं धड ठेवलं नाहीस." सासूला काही कळलं नाही, कुणालाच नाही कळलं, कारण आमच्या गल्लीत हाकेला वळतंच कोण? सगळेच खांदा हलवून बोलतात.

आणि मी कुणाला सांगू? खंडव्याला आमच्या शेजारी सुमनताई होती. तिची मुलगी अशीच निघाली. सुमनताईचा नवरा कामाला म्हणून भुसावळला गेला तो आलाच नाही. भुसावळ किती लांब आहे, सांगा? तिथून नाही आला. माझा तर समुद्रापलीकडे. त्याने नाही यायचं ठरवलं तर मी कुठे शोधायला जाऊ, कुणाला विचारू?

काकांनी शुक्रवारी येऊन नेट लावलं. डब्ब्याबरोबरचं पुस्तक तिकडचं, फ्रेंचमध्ये होतं, काकांनी चित्रं बघून काम केलं. चौकीदार, टाइमकीपर, जॉबर, मालक, सगळे उभे. राजूचा बिल्ला नंबर पासवर्ड म्हणून टाकला. मिनू काकांच्या मांडीवर बसून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "फ्रेश!" काका ओरडले आणि गेले.

रविवारी पावणेबाराला सासू देवाजवळ बसली होती. मी डब्ब्याची तार हळूच ढिली केली.

सोमवारी काका आले. पंजा ठेवला, डोळे मिटले, हजेरी घेतली, तार दाबली, चालू. "पिन बसली नव्हती. माझीच चूक." स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली त्यांनी, खरंच, हलकीशी. मला इतकं वाईट वाटलं. पण दुसऱ्या रविवारी मी भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीतली बारीक तार काढली.

आता काका इरेला पेटले. एका घरात दोनदा खराबी, हे त्यांच्या इज्जतीत नाही. खांबावर चढले. बाहेरचे सगळे जोड नवे केले. मला समोर बसवून टेलिफोनवाल्यांना फोन लावायला लावला. तिकडून मशीन बोलायची, हिंदीसाठी एक दाबा, ते मी बोलून दाखवायची, आणि माझ्या ओठांकडे बघून काका मशीनवर ओरडायचे, "अरे एक दाबला ना! कितीदा दाबू?" मग त्यांना उंदराचा संशय आला. पिंजरा घेऊन आले, आत पोळीचा तुकडा. उंदीर नाही सापडला. लाइनमन गल्लीतून जाताना विचारायचा, "काकाजी, चूहा मिला?" आणि काका मान खाली घालून जायचे. मी आतून बघायची आणि दार लोटून घ्यायची.

फोनवर राजू बोलला, "जाऊ दे, पुढच्या रविवारी. मी दोन तास बसून राहिलो." त्याचा आवाज कसातरी लागला मला.

तिसऱ्या रविवारी काका सकाळी साडेअकरालाच आले. "आज मी इथेच बसणार. बघू कसं तुटतं." पण मी सकाळीच, सासू नळावर गेलेली असताना, पेटीच्या मागे बसून कात्रीने तार कापली होती. सरळ कापली. आता विचार करते तर मलाच भीती वाटते माझी.

काकांनी हजेरी घेतली. टाइमकीपर नाही, मालक नाही. मग त्यांनी दारातून तार बोटात धरली आणि डोळे मिटून भिंतीच्या कडेने सरकत आले, पेटीपर्यंत. पेटी सरकवली. दोन टोकं हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरली, आणि मी बघितलं की त्यांचा चेहराच बदलला.

सूत आपोआप तुटलं तर त्याचं टोक झिजलेलं असतं, तंतू निघालेले असतात. कापलं तर टोक साफ. साच्यावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको.

"काय झालं भाऊजी?" सासूने मागून विचारलं आणि त्यांचा खांदा हलवला.

"उंदीर!" काका एवढ्या जोरात ओरडले की मिनूशिवाय सगळे दचकलो.

सासू "मेला उंदीर" करत आत चहा ठेवायला गेली. काका माझ्यासमोर उभे राहिले. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, का?

आणि बघा, दिवाळीपासून जे मी देवासमोर पण बोलू शकत नव्हती, ते माझ्या ओठांवर आलं. कारण आवाज काढायचाच नव्हता. मी पण नुसते ओठ हलवले. मिनूला ऐकू येत नाही.

काकांनी मान हलवली. माहीत आहे. मग मिनूकडे बोट केलं, दोन बोटं तिच्या डोळ्यांसमोरून आणून स्वतःच्या ओठांना लावली. ओठ बोलले, पहिल्याच दिवशी कळलं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी बोलली, ओठांनीच, राजू परत नाही येणार.

काका खाली बसले आणि तार सोलायला लागले. मी त्यांचा हात धरला. नको काका, पाया पडते. तेव्हा त्यांचा आवाज फुटला, "सूनबाई, तुटलेली लाइन ठेवून मी आजवर कुणाच्या घरातून उठलो नाही!"

आतून सासू बोलली, "हो ना, भाऊजींच्या इज्जतीचा सवाल आहे!"

बारा वाजून वीस मिनिटांनी लाइन जोडली गेली. राजू अजून बसलेला होता. पडद्यावर आला, किती वाळलाय, गालाची हाडं वर आलेली, नवीन शर्ट घातलेला, घडी मोडलेली पण नव्हती. आधी सासू रडली, मग तो रडला, मग दोघं हसले. मिनू जमिनीवर बसून टांगलेल्या पंच्याचं ओलं टोक चोखत होती, पाठ पडद्याकडे.

"मिनू!" राजूने हाक मारली. "ए मिनू! ए माझ्या राणी!"

मिनू पंचा चोखत राहिली.

"मिनूऽऽ! इकडे बघ, पप्पा!" त्याच्या मागे कुणीतरी हसलं, सगळ्यांत कॉम्प्युटर एकच, रांग लागली असेल तिथे. राजू पण हसत होता. पुन्हा हाक मारली. मग त्याचं हसणं हळूहळू कमी झालं. "रेखा, माझा आवाज येत नाहीये का तिकडे?"

किती सोपं होतं सांगा. नुसतं बोलायचं होतं, हो ना, आवाजच खराब आहे. अजून एक आठवडा निघाला असता. मी काकांकडे बघितलं. ते डब्ब्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. त्यांनी मला एकटीला सोडलं होतं त्या क्षणी.

मी बोलली, "आवाज बरोबर येतोय राजू. तिलाच नाही येत."

सासू जागच्या जागी खाली बसली.

राजू उठला आणि निघून गेला. पडद्यावर नुसती खुर्ची. निळी, प्लास्टिकची, एक हात तुटलेली. मी त्या खुर्चीकडे बघत राहिली आणि मला सुमनताई दिसत होती, तिच्या दारातली. काकांनी माझा खांदा हलवला. डब्ब्यासमोर उकिडवे बसले होते. "चारही उभे आहेत," एवढंच बोलले. "लाइन सोडलेली नाही त्याने."

किती वेळ गेला ते मला नाही माहीत. राजू परत आला. तोंड धुतलेलं, शर्टाचा गळा भिजलेला. तो काही बोलणार इतक्यात काका सरकून कॅमेऱ्यासमोर बसले आणि दोन्ही हात वर केले, दहा साचे पलीकडच्या माणसाला बोलवावं तसे. हात हलायला लागले, ओठ हलायला लागले. मला एक अक्षर समजलं नाही. राजू बघत राहिला, आणि मग त्याचेही हात वर आले.

आमच्या खोलीत एकदम शांत झालं. दोघं बोलत होते आणि नुसता पत्रा तडतडत होता उन्हाने. काकांचे ते सुकलेले, भेगाळलेले हात मी रोज बघायची, ते असे चालतात हे मला माहीतच नव्हतं. बोलता बोलता राजू हसला. काका पण हसले, काकांना मी हसताना बघितलं नव्हतं कधी. आणि मिनू वळली. कुणी हाक मारली नव्हती, काकांचे हात हलत होते म्हणून वळली, त्या हातांमागून तिची नजर पडद्यावर गेली, तिथे पण हात हलत होते. रांगत गेली. राजूने हात थांबवले, एकच बोट धरलं आणि ओठ मोठे करून काहीतरी बोलला. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली, एवढी गंभीर, जसं काही फार कामाचं बोलणं चाललंय.

मग राजू माझ्याशी बोलला, तोंडाने. "एवढे महिने एकटीच होतीस तू, रेखा?" मी मान हलवली. "मी इथे बारा तास हातानेच बोलतो. माझ्या पोरीशी बोलायला मला नवीन काय शिकायचंय? तिला मोठ्या दवाखान्यात दाखव. डॉक्टर काय सांगतील ते सांगतील. दिवाळीत मी येतोय."

सासू मिनूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, जोरजोरात, जसं काही केस बसवायचे आहेत. मंगळवारी दवाखान्यात जायचं ठरलं. माझी भीती गेली असं नाही. 

राजू आणि काका त्यानंतर पण बोलत होते, किती तरी वेळ, मागच्या रांगेतली माणसं ओरडेपर्यंत. पडदा काळा झाल्यावर मी काकांना विचारलं, "पहिल्यांदा काय बोललात त्याला?"

"बोललो, पोरगी आपल्या खात्यातली आहे."

मी डोळे पुसले. "आणि नंतर? एवढा वेळ? अजून काही सांगितलं का त्याने? लपवू नका काका."

काका खोकले. पक्कड पुसून पिशवीत टाकली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. "नंतर काही नाही गं. तो सांगत होता, तिकडे भात चिकट शिजतो. मी बोललो, इकडे ऊन फार आहे. त्याने विचारलं पाणी येतं का नळाला, मी बोललो एक दिवसाआड. मग तो बोलला त्याच्या साच्याचा पट्टा सरकतो."

"बस? एवढंच?"

"एवढंच." ते जरा लाजले. "तुम्ही लोक रोज बोलता ना असं."

चप्पल घालून दारापर्यंत गेले आणि थांबले. वळून विचारलं, "रविवार कधी आहे, सूनबाई?"

"काका, आजच तर रविवार आहे."

"ते माहीत आहे मला," काका बोलले. "पुढचा."